मुक्कामाची माणसं

तरडगावात पाहुणे पंचांग बघून येतात. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून निघते, तेव्हाच पुढचे सगळे मुक्काम ठरलेले असतात. नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात शिरते, लोणंदला विसावते, आणि लोणंद सोडल्यावर चांदोबाच्या लिंबापाशी वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. तिथून पुढं आमचं गाव. मग फलटण, बरड, आणि बरडनंतर सोलापूर जिल्हा. माझं माहेर या रस्त्याला लागून आहे. त्यामुळं वर्षातली एक रात्र आमचं घर आमचं नसायचं.

परभणीकडची एक दिंडी आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडं उतरते. दिंडी म्हणजे रिकाम्या हातानं आलेली माणसं, असं कुणी समजू नये. त्यांचा ट्रक असतो. राहुट्या, पातेली, शिधा, वाढपी, सगळं बिऱ्हाड बरोबर असतं. पुरुषमंडळी रानात राहुट्या ठोकतात, म्हातारी माणसं आणि बायका घरात येतात. पण काळ्या रानात एक जोराची सर पडली की राहुटीत पाय रुततो, आणि मग सगळी दिंडीच सोप्यात, माजघरात, जिन्यात, गोठ्यात. माणसाला ओलांडून माणूस जायचा.

आक्का, म्हणजे माझी आई, या रात्रीची तयारी आदल्या रात्री करायची. जेवणं उरकली की दिवे घालवायची आणि सोप्यातून परसातल्या संडासापर्यंत अनवाणी चालत जायची. जिथं पाय अडखळला तिथली वस्तू उचलायची. पाटा भिंतीला, खोरं-टिकाव गोठ्यात, उंबऱ्यापाशी कंदील. रोजच्या घरात ही काय चाचपडते, असं मला वाटायचं. “आपल्या पायांस्नी घर ठावं हाय. त्यांच्या न्हाई,” ती म्हणायची. पहाटे तीनला उठणारी सत्तरीची बाई. तिला निजलेल्या माणसाला हलवून ‘संडास कुठाय गं बाई’ असं विचारायला लागू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

न्हाणीला जुन्या लुगड्याचा पडदा. कपडे वाळत घालायला दोन दोऱ्या, त्यातली बायकांची न्हाणीच्या मागं आडोशाला. माजघरातली एक खुंटी रिकामी, कारण विणेकऱ्याची वीणा भुईवर टेकवत नाहीत. बंब रात्रभर पेटता. आणि ओट्यावर एक मोठी परात, तीत मीठ घातलेलं कोमट पाणी, शेजारी वाटीत गरम केलेलं तेल आणि बाटलीत थोडं रॉकेल. रॉकेल कशाला, तर दुपारच्या उन्हात रस्त्यावरचं डांबर पाघळून टाचांच्या भेगांत बसतं, ते पाण्यानं निघत नाही. एका आजीबाईंनी पाय मांडीवर घेऊन कापसाचा बोळा रॉकेलमध्ये बुडवला आणि भेगेतनं काळी रेघ हळूहळू ओढून काढली, हे मी कंदिलाच्या उजेडात बघितलेलं आहे. तोंडानं हरिपाठ चालूच होता.

या परातीजवळ आक्का उभी राहायची नाही. ‘या, पाय शेका’ असंही म्हणायची नाही. दिसेल अशी ठेवायची आणि आत निघून जायची. कुणी बघत नाही म्हटल्यावर मग एकेक जण येऊन पाय घालून बसायचा. बघणारं कुणी असलं की नेमकं उलटं. ‘असू द्या, आम्हाला काही नको’ म्हणत सुजलेले पाय धोतराखाली घ्यायचे.

तात्यांचं गणित वेगळं होतं. त्यांना पाहुणे यावेत असं मनापासून वाटे, आणि आपण त्यांना ठेवून घेतलं हे गावाला दिसावं असंही वाटे. दिंडीप्रमुखांना शाल, श्रीफळ, मग चार शब्द. ते चार शब्द अर्धा तास चालायचे. पालखीतळावरची समाजआरती उरकून, जेवून आलेली माणसं पेंगत मान डोलवायची आणि तात्यांना वाटायचं, पटतंय. शेवटी आतून भांडं आपटल्याचा आवाज यायचा. तो आक्काचा निरोप असे. त्यांच्या लग्नाच्या साऱ्या वर्षांत तो निरोप तात्यांना कळला नाही असं कधी झालं नाही, आणि लगेच ऐकला असंही कधी झालं नाही. आता कंदिलाच्या जागी बल्ब आहेत, निर्मल वारीची फिरती शौचालयं गावात येतात, आणि भाऊ सोप्यात प्लगांची लांबलचक पट्टी लावून ठेवतो. पंचवीस मोबाईल ओळीनं चार्जिंगला. प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, कारण वारकऱ्यांचे फोन सगळे एकाच जातीचे.

आज दिसतो तो पालखी सोहळा आखून दिला हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकात. ते आरफळचे, म्हणजे आमच्याच सातारा जिल्ह्यातले. आणि सोहळ्यातले शितोळे सरकारांचे अश्व येतात बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, मिरज-सांगलीवरून चालत आळंदीला. माझं सांगलीत जमलं तेव्हा तात्या जावयाला म्हणाले होते, “घोडं तुमच्याकडनं येतंय, पालखी आमच्याकडनं जातीय. आता सोयरीक झाली ती बरी झाली.”

सांगलीत विश्रामबागेत आले आणि पाहुण्यांची दुसरीच तऱ्हा बघितली. इथं मुक्कामाला येणारा पाहुणा बहुतेक वेळा हातात एक्सरेचं पाकीट घेऊन येतो. 1894 मध्ये वानलेस साहेबांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. जतपासून विजापूरपर्यंतची माणसं उपचाराला मिरजेला येतात. ज्याचं कुणी नातलग सांगली-मिरजेत आहे, त्यानं लॉजवर उतरायचं म्हणजे नात्याचा अपमान. त्यामुळं आमच्याकडं मोतीबिंदू, गुडघे, पहिलं बाळंतपण, सगळं होऊन गेलंय.

या पाहुण्यांचं काय करायचं ते मला आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी शिकवलं. पहिल्याच संध्याकाळी त्या घराची जादा किल्ली पाहुण्याच्या हातात द्यायच्या. ‘ठेवा, मला देऊ नका परत, जाताना द्या.’ दवाखान्यातून माणूस कधी सुटेल त्याचा भरवसा नाही. रात्री अकराला परत येऊन बेल वाजवायची त्याला लाज वाटते, आणि मग तो दवाखान्याच्या बाकावरच रात्र काढतो. दुसरं, डब्याची वेळ. तिसरं सगळ्यात अवघड. घरी आलेल्याला दारात ‘काय निघालं?’ विचारायचं नाही. पाणी द्यायचं आणि भाजी निवडायला बसायचं. सांगायचं असेल तर माणूस भाजी निवडता निवडता सांगतो. शेजारणी मात्र येऊन पहिला प्रश्न तोच विचारायच्या, आणि वर ‘आमच्या नणंदेलाही हेच होतं, गेली बिचारी’ असं सांगून चहा पिऊन जायच्या. आत्याबाईंनी एकीला सरळ सांगितलं होतं, पेशंट आहे तोवर आमच्याकडं यायचं नाही म्हणून. आमच्या कॉलनीत त्या फटकळ म्हणून प्रसिद्ध होत्या. माझ्या मते घरात आजारी पाहुणा असताना यजमानानं थोडं फटकळ असावंच.

पण 2019 च्या ऑगस्टमध्ये जे पाहुणे आले, त्यांना ना तिथी होती ना डॉक्टरची तारीख.

त्या वर्षी श्रावण 2 ऑगस्टला लागला आणि 5 तारखेला, सोमवारी, नागपंचमी होती. सांगलीच्या गावभागात यजमानांच्या काकू राहतात. मी त्यांना फोन केला, तर त्या पुरणाची दिंडं उकडत होत्या. कोयनेतनं पाणी सोडलेलं, वर महाबळेश्वराकडं धो धो पाऊस, आणि सांगलीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न: आयर्विनला किती? 1929 चा तो पूल म्हणजे आमच्या गावाची फूटपट्टी. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. काकूंच्या जिन्याखाली 2005 च्या पुराची रंगानं ओढलेली खूण आहे, आणि “त्या वेळी इथवर आलं, त्याच्या वर काही येत नाही,” असं त्या ठामपणे म्हणत होत्या. गावभागातली निम्मी घरं त्या खुणेच्या भरवशावर थांबली. पाणी खुणेच्या वर गेलं. पुढं आयर्विनवर ते 57 फुटांच्या पलीकडं पोचलं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून भिजत आलेली ती मंडळी आमच्या दारात उभी राहिली तेव्हा काकू, त्यांचा मुलगा, सून, दोन नातवंडं, आणि मागं छत्री मिटवत उभे असलेले एक अनोळखी गृहस्थ. ते वरच्या खोलीतले भाडेकरू, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, एकटेच. वरच्या मजल्यावर थांबतो म्हणत होते, काकूंच्या मुलानं हाताला धरून आणलं. ते उंबऱ्याबाहेरच. “मी शाळेत सोय बघतो, वैनी. तिथं उघडलंय म्हणे. तुम्ही घरची माणसं घ्या आत.” यजमानांनी त्यांच्या हातातली छत्री घेतली आणि आतल्या बादलीत ठेवली. छत्री आत गेल्यावर माणसाला यावंच लागतं.

मी पहिल्यांदा आंघोळीला पाणी तापवलं आणि न्हाणीघराच्या फळीवर जे जे लागेल ते मांडून ठेवलं: टॉवेल, दात घासायचे नवे ब्रश, कंगवा, खोबरेल, आणि एका कागदी पिशवीत सॅनिटरी पॅड. काकूंची सून माझ्याहून बरीच लहान, लग्न होऊन आल्यापासून माझ्याशी दोन वाक्यं बोललेली नव्हती. चार पुरुष बसलेल्या खोलीतून तिनं मला हाक कशी मारावी? दुसऱ्या दिवशी पिशवी हललेली होती. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही.

मग कपडे. माझ्या साड्या कपाटातून काढून ‘ही नेस’ म्हणून हातात देण्याऐवजी कपाटाचा खालचा कप्पाच रिकामा करून त्यात आठ-दहा घड्या ठेवल्या आणि कप्पा काकूंचा म्हणून सांगितला. रोज सकाळी दुसऱ्याच्या हातून साडी घ्यायची हे घरंदाज बाईला फार लागतं. काकू रोज त्या कप्प्यातली साडी निवडून काढायच्या. दोनदा तर ‘ह्याच्यावर मॅचिंग ब्लाउज नाही’ अशी कुरकूरही केली, आणि ती ऐकून मला बरं वाटलं.

टीव्ही हा वेगळाच त्रास होता. दिवसभर बातम्या, बातम्यांत सांगली, आणि मधूनच गावभागातली ओळखीची गल्ली, छपरापर्यंत पाणी. काकू पुढं सरसावून बघायच्या, मुलं विचारायची आपलं घर ते का. बंद करावा तर त्यांच्या घराची खबर आपण अडवल्यासारखं. शेवटी यजमानांनी संध्याकाळी सातची एक बातमी ठरवली. बाकी वेळ मुलांची कार्टून. बाहेर दुधाला रांगा, पेट्रोल नाही, नळाला पाणी येईना. नऊ-दहा माणसांचं घर टँकरवर. रोज सकाळी सगळ्यांनी बादल्या घेऊन खाली जायचं हे आपोआप अंगवळणी पडून गेलं, आणि पाहुण्यांना काम करू द्यावं की नाही हा प्रश्न पाण्यानंच सोडवला.

खरा पेच गुरुजींचा. ते दिवाणखान्यात सोफ्यावर झोपायचे. पहाटे चारला उठून पांघरुणाची घडी करून खुर्चीत ताठ बसायचे, म्हणजे आपण रात्री इथं झोपलो होतो याची खूणही राहू नये. जेवायला बोलावलं की उपवास. सोमवारी श्रावणी सोमवार, ठीक. मंगळवारी संकष्टी असते म्हणावं तर ती नव्हती. गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. श्रावण असल्यामुळं त्यांना वार सापडत गेले. दोन वेळची भाकरी वाचवून ते आमचं ओझं कमी करत होते, हे काकूंच्या मुलानं मला हळूच सांगितलं.

‘उपवास सोडा’ असं म्हातारबुवांना कोण सांगणार? मी उपवासाचं करू लागले. वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळी, घट्ट दही. केलेलं ताट समोर ठेवलं की ते परत पाठवणं त्यांच्या शिक्षकी संस्कारात बसत नव्हतं. खाल्लं.

आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात यजमानांनी दोरी बांधली, मी तिच्यावर जुनी सुती साडी टाकली. सोफा, एक खुर्ची, एक खिडकी, एवढं साडीच्या पलीकडं गेलं. त्या रात्रीपासून गुरुजी सहापर्यंत झोपायला लागले. खिडकीपाशी कालनिर्णय होतं. त्याच्या ऑगस्टच्या पानावर त्यांनी रोजच्या चौकोनात आयर्विनची पातळी लिहायला सुरुवात केली. सकाळी फूट-इंच, दुपारी फूट-इंच, संध्याकाळी फूट-इंच, निळ्या शाईत, शाळेच्या हजेरीपटासारखं स्वच्छ. खालच्या मजल्यावरचे लोक रोज जिना चढून ‘गुरुजी, किती?’ विचारायला येऊ लागले. मग त्यांच्यासाठी चहा, मग त्यांच्याबरोबर गुरुजींनाही. त्या चहाला उपवास आडवा आला नाही.

आग्रहाबद्दल माझं एक मत आहे, ते आमच्या भागात कुणाला आवडत नाही. सातारा-सांगलीकडं पाहुण्याच्या ताटात चौथी भाकरी ढकलल्याशिवाय पाहुणचार झाला असं वाटत नाही. ‘लाजू नका’ म्हणत वाढायचं, त्यानं ताटावर हात आडवा धरायचा, आपण हातावरच आमटी ओतायची. यात निम्मी हौस वाढणाऱ्याची असते. ‘चहा टाकू का?’ हा दुसऱ्या टोकाचा प्रकार. असं विचारलं की भला माणूस ‘नको’च म्हणतो. ‘चहा की ताक?’ विचारलं तर तो एक काहीतरी घेतो, एवढा साधा फरक आहे. आक्का तेही विचारायची नाही. ती आपली परात ठेवून निघून जायची.

पाणी उतरलं तसे काकूंना घराचे वेध लागले. आणखी राहा, असं आम्ही म्हटलं, पण एकदाच. पाहुण्याला जायचं असतं तेव्हा ‘राहा’ची ओढाताण त्याच्या पायात येते. त्याऐवजी आम्ही सगळे खराटे, फावडी, ब्लीचिंग पावडर घेऊन त्यांच्याबरोबर गावभागात गेलो. घरात गुडघाभर गाळ, धान्य कुजल्याचा वास, कपाटाची दारं फुगून अडकलेली. पंचनामा होईपर्यंत गाद्या दारातच ठेवायच्या होत्या. काकू दिवसा घरी गाळ काढायला आणि रात्री झोपायला आमच्याकडं, असं बरेच दिवस चाललं. आत्याबाईंच्या वेळची जादा किल्ली परत कामाला आली.

पुढच्या वर्षी करोना आला. 2020 मध्ये आणि 2021 मध्येही पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आमच्या परभणीच्या दिंडीतल्या बायका आक्काला फोन करून रडल्या, असं भाऊ सांगत होता. आणि 2021 च्या जुलैत, आषाढी होऊन दोनच दिवस झाले असतील, सांगलीत पुन्हा सगळे विचारू लागले, आयर्विनला किती? या वेळी काकूंनी 2005 च्या खुणेकडं बघितलं नाही. पाणी रस्त्यावर यायच्या आत, तोंडाला मास्क लावून, स्वतःची ट्रंक आणि चार मॅचिंग ब्लाउज घेऊन त्या आल्या.

त्याच्या आधी मात्र फोन आला होता तो गुरुजींचा.

“वैनी, कोपऱ्यातला सोफा आहे ना तिथंच?”

“आहे की. साडीही आहे.”

“मग येतो मी. आणि हे बघा, आधीच सांगून ठेवतो, या वेळी श्रावण लागायला अवकाश आहे. अजून आखाड चाललाय. वरीचे तांदूळ घालू नका मला. रविवारी मटण करत असाल तर रस्सा जरा झणझणीत असू द्या.”